आकृतीतून स्वभाव

पात्राने तोंड उघडण्यापूर्वीच त्याच्या स्वभावाविषयी प्रेक्षकाचे मत बनविण्याची जी युक्ती अ‍ॅनिमेशनपटांचे चित्रकार योजतात, तिचा मूलाधार वर्तुळ, चौकोन आणि त्रिकोण या शाळकरी आकृतींतच असतो. पिक्सार या अमेरिकन संस्थेच्या २००९ सालच्या ‘अप’ या चित्रपटातील वृद्ध कार्लचे मस्तक, चष्मा, इतकेच नव्हे तर बसावयाची खुर्चीदेखील चौकोनी असल्यामुळे त्याचा अचल, हट्टी स्वभाव निराळा शाबीत करावा लागत नाही. उलट त्याची पत्नी एली हिच्या मुखाप्रमाणे तिच्या आसनातही गोलाई राखलेली आहे, आणि ही बारकाई मला संवादांहून बोलकी वाटते. त्रिकोण बहुधा खलपुरुषाच्या वाट्याला जातो, पण तो काही कायदा नव्हे. पात्राची केवळ काळी छायाकृती पाहूनही ते ओळखता आले, तरच योजना साधली असे कलावंत मानतात.