मथळ्यात सुटका, गल्लीत बॅरिकेड

उमरेडवरून नागपूरच्या इतवारीला जाणारी नॅरोगेज 2019मध्ये बंद झाली, तरी उमरेडकरांची इतवारीची खरेदी काही सुटली नाही. त्याच बाजारपेठेच्या अंगाला गंगा-जमुना ही देहविक्रयाची वस्ती आहे. ऑगस्ट 2021मध्ये नागपूरचे तत्कालीन पोलीस आयुक्त अमितेश कुमार यांच्या आदेशाने तिथे बॅरिकेड लागले. नेत्या ज्वाला धोटे तिथल्या बायकांच्या बाजूने रस्त्यावर उतरल्या.

पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या 19 मे 2022च्या आदेशावर ‘देहविक्रय कायदेशीर’ असे मथळे झळकले. मग बॅरिकेडचे काय?

सज्ञान बाईने स्वखुशीने हा व्यवसाय करणे हा 1956च्या अनैतिक व्यापार प्रतिबंधक म्हणजे पिटा कायद्यात मुळात गुन्हाच नाही. गुन्हा आहे कुंटणखाना चालवणे, दलाली करणे, रस्त्यावर गिऱ्हाईक बोलावणे. मुंबई उच्च न्यायालयाचे न्या. पृथ्वीराज चव्हाण यांनी सप्टेंबर 2020मध्ये हेच सांगून मालाडला पकडलेल्या तिघींना मोकळे केले होते. मेख आहे ती कलम 7मध्ये. शाळा, देऊळ, दवाखान्यापासून 200 मीटरच्या आत हा व्यवसाय चालत नाही. दाट वस्तीच्या जुन्या नागपुरात 200 मीटर मोजायला घेतले, तर मोकळी जागा उरते कुठे? गंगा-जमुना याच कलमाने बंद झाली आणि 2022च्या आदेशाने त्याला हात लावलेला नाही.

न्या. नागेश्वर राव, आपल्या अमरावतीचे न्या. भूषण गवई आणि न्या. बोपन्ना यांनी या आदेशात दिले ते मात्र मोलाचे आहे. बलात्काराची तक्रार घेऊन आलेल्या या व्यवसायातल्या बाईला इतर कुणाही पीडितेसारखेच उपचार मिळतील. छाप्याच्या बातमीत तिचा चेहरा, नाव येणार नाही. राहण्याच्या पुराव्याशिवाय आधार कार्ड मिळेल, आणि त्यावर तिच्या व्यवसायाची खूण नसेल. उशाशी सापडलेले कंडोमचे पाकीट आता पुरावा धरले जाणार नाही. एड्सपासून वाचायला सरकारनेच वाटलेले पाकीट पंचनाम्यात चढावे, याहून मोठा अन्याय कोणता?

अल्पवयीन मुलींची सुटका झालीच पाहिजे, त्यात दुमत नाही. पण त्या नावाखाली सज्ञान बायकांच्या चुली विझवणे हे संरक्षण नव्हे.

मथळा न्यायालयापुढच्या ज्या शिफारशीवर बेतला, ‘सज्ञान बाईच्या मर्जीच्या व्यवहारात पोलिसांनी पडू नये’, तिच्यावर केंद्राने हरकत घेतली होती. आईपासून मूल न तोडण्याची शिफारसही तशीच अडकली होती. पुढची तारीख होती 27 जुलै 2022.