कोपऱ्यावरचं ‘प्युअर व्हेज’

रविवारी रात्री साडेआठला कोथरूडमध्ये जेवायला बाहेर पडलेल्या कुटुंबाची पहिली गाठ पडते ती वहीशी. दारातला माणूस नाव लिहून घेतो, ‘किती जण?’ विचारतो आणि ‘पंधरा मिनिटं’ म्हणतो. त्या पंधराची तीस होणार, हे दोन्ही बाजूंना ठाऊक असतं. आजी-आजोबांना फुटपाथवरच्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या मिळतात, बाकीचे स्कूटरला टेकून उभे.

पाटीवर ‘शुद्ध शाकाहारी’, बोलण्यात ‘प्युअर व्हेज’. या हॉटेलाचं कूळ दुहेरी आहे. एकीकडे लक्ष्मी रस्त्यावरच्या, 1935 सालच्या पूना गेस्ट हाऊससारखी मराठी जेवणाची ठिकाणं, दुसरीकडे उडुपीकर. माटुंग्यात रामा नायक यांनी 1942 मध्ये बोर्डिंग काढलं, पुण्यात फर्ग्युसन रस्त्यावर जगन्नाथ शेट्टींनी ‘रूपाली’ आणि ‘वैशाली’ नावारूपाला आणल्या. कोथरूड तेव्हा गावच होतं. पुढे पेठांतले वाडे सोडून माणसं इथल्या फ्लॅटमध्ये आली, 1983 मध्ये एमआयटी सुरू झालं आणि परगावची पोरंही आली. पोरांनी पौड रस्त्यावर दुर्गा कॅफेची कोल्ड कॉफी शोधली. कुटुंबांना मात्र असं टेबल हवं होतं, जिथे आजोबांना इडली, सुनेला पनीर आणि नातवाला हाका नूडल्स एकाच वेळी मिळेल.

म्हणूनच मेन्यूकार्ड एवढं जाड.

आत डोकावलं तर जाडीचं रहस्य उलगडतं. दुपारीच मोठ्या पातेल्यांत ग्रेव्ह्या तयार होतात: कांदा-टोमॅटोची लाल, काजू-मगजबीची पांढरी, पालकाची हिरवी. ऑर्डर आली की कढईत लालचा एक डाव, पांढरीचा अर्धा, वर पनीर किंवा भाज्या, शेवटी क्रीम नाहीतर तिखटाची फोडणी. एवढ्यावर पंचवीस-तीस नावं सहज निघतात. त्यातलं ‘व्हेज कोल्हापुरी’ हे तर हॉटेलचंच अपत्य; कोल्हापूरच्या घरात हे नाव घेऊन भाजी मागितली तर यजमान गोंधळेल. जैन ऑर्डरीला हे पातेलं चालत नाही, कारण कांदा आधीच आत गेलेला असतो. त्यासाठी वेगळी कढई चढते आणि उशीर होतो. वेटरने तो आधीच सांगितला तर तो जुना समजावा.

डोशाच्या तव्याचं वेळापत्रक निराळं. तापलेल्या तव्यावर पाणी शिंपडायचं, चर्रर्र झालं की खराट्याने पुसायचं, मगच पीठ फिरवायचं. तवा फार तापलेला असेल तर पीठ पसरत नाही, गोळा होऊन वाटीला चिकटतं. सकाळपासूनचं पीठ संध्याकाळी आंबूस होतं आणि आंबूस पिठाचा उत्तप्पा जास्त छान लागतो, त्यामुळे जाणकार रात्री डोशाऐवजी तोच मागवतात.

एकादशीला साबुदाणा खिचडीची पाटी दाराशी येते. वाढदिवसाला वन-बाय-टू सूप आणि मसाला पापडाने सुरुवात होते. बिलावरून दोन साडूंमध्ये गल्ल्यापाशी झटापटही ठरलेली. 6 मार्च 2022 ला वनाज ते गरवारे कॉलेज मेट्रो धावू लागली. आता डेक्कनला जेवून परत येणंही सोपं, तरी कोपऱ्यावरची वही भरलेलीच असते.

यशवंतराव चव्हाण नाट्यगृहातला रात्रीचा प्रयोग सुटला की शेवटची लाट येते. टेबलं पुसून झालेली, अर्धे दिवे मालवलेले. बडीशेपेची वाटी भरता भरता वेटर मान वर करून सांगतो, “डोसा बंद झाला. पंजाबी मिळेल, पण ऑर्डर लगेच द्या.”