एक पाळणा की दोन? जुळ्यांच्या झोपेचे गणित

शिरूर (प्रतिनिधी) : बारशाला पाळणा बांधणे ही घरातली हौसेची गोष्ट. बाळे दोन असली, की हौसेआधी जागेचा आणि सुरक्षिततेचा प्रश्न उभा राहतो. दोघांना एकाच पाळण्यात निजवावे का? घडीचा पाळणा घ्यावा की झोळी बांधावी? आई, आजी आणि दोन्ही बाळे एकाच अंथरुणावर झोपली तर काय बिघडते? रांजणगाव, शिक्रापूर आणि कुरकुंभच्या औद्योगिक पट्ट्यात एक-दोन खोल्यांत भाड्याने राहणारी अनेक कुटुंबे आहेत. त्यात पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत. माहेर शिरूरला आणि सासर दौंडला असेल, तर दोन-तीन महिन्यांत बाळांचे बिऱ्हाड एका घरातून दुसऱ्या घरी जाते. त्यामुळे घडी घालून नेता येईल अशा पाळण्याकडे पालकांचा ओढा असणे स्वाभाविक आहे. मात्र पाळण्याचा रंग आणि किंमत पाहण्याआधी काही गोष्टी समजून घेणे आवश्यक आहे.

जगभरात जुळ्यांचे प्रमाण वाढले आहे. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासानुसार दर वर्षी सुमारे १६ लाख जुळ्या जोड्या जन्माला येतात. म्हणजेच जन्मणाऱ्या दर ४२ बाळांमागे एक बाळ जुळे असते. वंध्यत्वावरील उपचारांचा प्रसार आणि मातृत्वाचे वाढलेले वय ही त्यामागची प्रमुख कारणे मानली जातात.

वजन हाच खरा मुद्दा

जुळी बाळे बरेचदा ३७ आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मतात आणि त्यांचे वजन अडीच किलोपेक्षा कमी भरते. अशा बाळांच्या त्वचेखाली चरबी कमी असल्याने शरीराची उष्णता लवकर निघून जाते. मान धरण्याची ताकद नसते. श्वासाची लय अद्याप पक्की झालेली नसते. नाकातोंडावर दुपट्याची घडी आली, तर ती बाजूला सारण्याचे बळ त्यांच्यात नसते. म्हणूनच पूर्ण दिवसांच्या बाळाला चालून गेलेली एखादी सवय या बाळांना घातक ठरू शकते.

पाठीवर, सपाट आणि मोकळे

बाळाला पाठीवर निजवा, असा प्रचार अमेरिकेत १९९४ मध्ये देशव्यापी मोहिमेच्या रूपाने सुरू झाला. त्यानंतर झोपेत अचानक होणाऱ्या बालमृत्यूंचे तेथील प्रमाण निम्म्याहून अधिक घटले. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२२ मध्ये सुधारित केलेल्या शिफारशींचे सारही हेच आहे. बाळ पाठीवर निजवावे. गादी घट्ट व सपाट असावी. अंथरुणात उशी, लोड, गोधडी, खेळणी यांपैकी काहीही नसावे. बाळ किमान पहिले सहा महिने आई-वडिलांच्या खोलीत, पण स्वतंत्र अंथरुणावर झोपावे.

यामागचे कारण साधे आहे. पालथे किंवा कुशीवरून कलंडलेले बाळ मऊ गादीत तोंड खुपसते, तेव्हा त्याने सोडलेलीच हवा पुन्हा त्याच्या श्वासात जाते. प्राणवायू हळूहळू कमी होत जातो आणि बाळ रडतही नाही. पाठीवर निजलेल्या बाळाला दूध उलटले तर ठसका लागेल, ही अनेक आज्यांची भीती असते. प्रत्यक्षात पाठीवर असताना श्वासनलिका अन्ननलिकेच्या वरच्या बाजूला राहते. त्यामुळे उलटलेले दूध श्वासनलिकेत शिरण्याची शक्यता वाढत नाही.

डोके गोल व्हावे म्हणून ठेवली जाणारी मोहरीची उशीही झोपेच्या वेळी काढूनच ठेवावी. डोक्याचा आकार नीट राहावा यासाठी बाळ जागे असताना, कोणीतरी समोर बसून, त्याला थोडा वेळ पालथे ठेवणे हा सुरक्षित उपाय आहे.

एकत्र की वेगळे?

नऊ महिने सोबत राहिलेली बाळे एकमेकांच्या उबेत शांत झोपतात, हा समज सर्वदूर आहे. मुदतीआधी जन्मलेल्या जुळ्यांना रुग्णालयात एकत्र निजविण्यावर झालेल्या अभ्यासांचा पद्धतशीर आढावा घेतला गेला, तेव्हा तशी शिफारस करण्याइतका पुरावा आढळला नाही. त्यामुळे अमेरिकेतील तज्ज्ञ दोन बाळांसाठी दोन स्वतंत्र जागांचा आग्रह धरतात. ब्रिटनमधील सरकारी आरोग्यसेवेची भूमिका थोडी सैल आहे. बाळे अगदी लहान असताना मोठ्या पाळण्यात त्यांना एकत्र निजवता येते, असे ती सांगते. मात्र एका छोट्या टोपलीवजा पाळण्यात दोघांना ठेवू नये, कारण तेथे ती अति तापतात आणि एकाचा हात दुसऱ्याच्या तोंडावर येतो.

या दोन्ही मतांतून घरापुरता निष्कर्ष काढता येतो. शक्य असेल तर सुरुवातीपासून दोन जागा कराव्यात. अगदीच अशक्य असेल, तर मोठ्या सपाट पाळण्यात दोघांचे पाय विरुद्ध टोकांना आणि डोकी मध्याकडे ठेवावीत. मध्ये लोड किंवा गुंडाळलेले दुपटे ठेवू नये. आडोसा म्हणून ठेवलेली ही वस्तूच श्वास कोंडण्याचे कारण ठरू शकते. दोघांपैकी एक जण जरी कुशीवर वळू लागला, तरी त्या दिवसापासून दोघांना वेगळे करावे.

झोळी, बाज आणि शेगडी

आढ्याला बांधलेली जुन्या लुगड्याची झोळी हा आपल्याकडचा सर्वांत स्वस्त आणि सहज हलविता येणारा पाळणा. ऊसतोडणी कामगारांच्या कोपीपासून शहरातल्या सदनिकेपर्यंत तो दिसतो. रडणारे बाळ झोळीत शांत होते, हे खरे. पण झोळीत बाळाची पाठ कमानीसारखी वाकते आणि हनुवटी छातीला टेकते. कमी वजनाच्या बाळाचा श्वासमार्ग तेवढ्यानेही दबू शकतो. बाळ जरा मोठे झाल्यावर झोळीच्या कापडात मान अडकून झालेल्या मृत्यूंच्या नोंदी भारतीय न्यायवैद्यक साहित्यात आहेत. म्हणून झोळी वापरायचीच असेल, तर मोठे माणूस समोर असताना थोडा वेळ वापरावी. रात्रीच्या झोपेसाठी नको. एका झोळीत दोन बाळे तर कधीच नकोत. सैल विणीच्या बाजेवरही मध्ये खोलगा पडतो आणि दोन्ही बाळे घरंगळून एकमेकांवर येतात.

बाळंतिणीच्या खोलीतील शेगडी आणि धुरी यांबाबतही सावध राहावे. बंद खोलीत बाजेखाली निखारे ठेवल्यास कार्बन मोनॉक्साइड हा वास नसलेला विषारी वायू साठतो. धुराने लहान बाळांच्या श्वासनलिकेला सूज येते. उबेसाठी त्याहून चांगला मार्ग उपलब्ध आहे.

उबेसाठी कांगारू पद्धत

आईच्या उघड्या छातीवर बाळाला त्वचेला त्वचा लागेल अशा रीतीने बांधून ठेवण्याची ही पद्धत १९७८ मध्ये कोलंबियातील बोगोटा येथे सुरू झाली. भारतासह पाच देशांतील रुग्णालयांत झालेला एक अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. एक किलो ते सुमारे १.८ किलो वजनाच्या बाळांना जन्मानंतर लगेच अशी ऊब दिल्यास मृत्यूचे प्रमाण २५ टक्क्यांनी कमी होते, असे त्यात दिसून आले. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये मुदतपूर्व व कमी वजनाच्या बाळांसाठी दिवसाचे आठ ते चोवीस तास अशी ऊब देण्याची शिफारस केली. जुळ्यांच्या बाबतीत तर हे काम वाटून घेता येते. एक बाळ आईकडे असताना दुसरे वडिलांकडे किंवा आजीकडे राहू शकते. मात्र ऊब देणारी व्यक्ती जागी असावी अथवा टेकून बसलेली असावी, बाळाची मान सरळ आणि नाक मोकळे असावे. घरी हे कसे करायचे, ते रुग्णालयातून निघण्यापूर्वी परिचारिकेकडून शिकून घ्यावे.

जागा कमी असेल तर

बाजारात मिळणारा घडीचा पाळणा साधारणपणे शंभर सेंटिमीटर लांब आणि सत्तर सेंटिमीटर रुंद असतो. म्हणजे त्याला सुमारे साडेसात चौरस फूट जागा लागते. दहा बाय दहाच्या खोलीत असे दोन पाळणे ठेवले, तर शंभरातील पंधरा चौरस फूट जातात. दिवसा एक घडी करून भिंतीला टेकवता येतो. तेवढीही सोय नसेल, तर जमिनीवर आईच्या अंथरुणाशेजारी दोन छोट्या, घट्ट गाद्या घालाव्यात. त्यातून पडण्याची भीती उरत नाही. पण शेतालगतच्या घरांत रात्री मण्यार सापाचा धोका असतो आणि जमिनीवर झोपलेल्यांनाच त्याचा दंश अधिक होतो. त्यामुळे अंथरुणाखाली कडा खोचलेली, ताणून बांधलेली मच्छरदाणी हवीच. ती डासांपासूनही रक्षण करते.

आपल्याकडे आईच्या कुशीत झोपणे ही पिढ्यान्‌पिढ्यांची सवय आहे आणि रात्री पाजायलाही ते सोयीचे वाटते. परंतु अडीच किलोहून कमी वजनाच्या किंवा मुदतपूर्व बाळाला मोठ्यांच्या अंथरुणात झोपविणे धोक्याचे ठरते. पलंगावर तंबाखू ओढणारी किंवा दारू घेतलेली व्यक्ती असेल, तर धोका आणखी वाढतो. पाजून झाल्यावर बाळाला हाताच्या अंतरावरील त्याच्या जागी ठेवणे, एवढी शिस्त पुरेशी आहे.

खरेदीआधी हे तपासा

- कठड्याच्या दोन गजांमधील अंतर सहा सेंटिमीटरपेक्षा अधिक नसावे. शीतपेयाचा डबा त्यातून आरपार गेला, तर तो पाळणा घेऊ नये.
- गादी आणि कठडा यांच्यामध्ये दोन बोटांहून जास्त फट नसावी. घडीच्या पाळण्यासोबत आलेलीच गादी वापरावी. मऊ वाटावे म्हणून वर दुसरी घालू नये.
- घडी उघडल्यावर चारही बाजूंचे खटके पक्के बसतात का, हे हाताने दाबून पाहावे.
- तिरपा, आरामखुर्चीसारखा पाळणा झोपेसाठी घेऊ नये. बालमृत्यूंच्या तक्रारींनंतर अमेरिकेत २०१९ मध्ये असे सुमारे ४७ लाख पाळणे परत मागविण्यात आले आणि २०२२ मध्ये कायद्याने त्यांवर बंदी आली.
- कठडा खाली सरकणारे जुने पाळणे तेथे २०११ पासून विकता येत नाहीत. नातेवाइकांकडून आलेला जुना पाळणा त्या प्रकारचा नाही ना, हे पाहावे.
- वरच्या कप्प्याची वजनमर्यादा एका बाळासाठी आहे की दोघांसाठी, हे विचारावे.
- झुलता पाळणा रात्री अडकवून स्थिर करता येतो का आणि तो सपाट राहतो का, हे पाहावे.

दारात येणारा सल्ला

रुग्णालयात प्रसूती झाल्यानंतर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी आशा कार्यकर्तीने घरी येऊन बाळाची तपासणी करावी, अशी शासकीय योजना आहे. तिची मुळे महाराष्ट्रातच आहेत. डॉ. अभय व राणी बंग यांनी गडचिरोलीत केलेल्या प्रयोगात गावातील प्रशिक्षित महिलांनी घरोघरी जाऊन घेतलेल्या काळजीमुळे नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटले होते. हे निष्कर्ष १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. शिरूर तालुक्यातील वढू येथेही डॉ. बानू कोयाजी यांच्या पुढाकाराने पुण्याच्या केईएम रुग्णालयाने १९७७ मध्ये ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला होता. आशाताई घरी येतील, तेव्हा त्यांना बाळांच्या वजनासोबत ती कोठे आणि कशी झोपतात, तेही दाखवावे.

बाळ दूध ओढेनासे झाले, अंग गार पडले किंवा तापले, श्वास जोरात चालू लागला, छाती आत ओढली जाऊ लागली किंवा बाळ निपचित पडले, तर सकाळची वाट न पाहता १०८ क्रमांकावर संपर्क साधून रुग्णालय गाठावे. जुळ्यांपैकी एक आजारी पडले, तर दुसरे ठणठणीत दिसत असले तरी त्यालाही त्याच वेळी तपासून घ्यावे.