छिद्र खरे की भासाचे?

एक डोळा झाकून हीच ओळ वाचून पाहा. मग दुसरा झाका. मधलीच अक्षरे गळाल्यासारखी किंवा वाकडी दिसतात का? साठीनंतर असे झाले की बहुतेक जण 'मोतीबिंदू असेल' म्हणून गप्प बसतात. पण दोष कधीकधी डोळ्याच्या पडद्याच्या मध्यभागी, म्हणजे मॅक्युलावर पडलेल्या छिद्राचा असतो. वयानुसार डोळ्यातला जेलीसारखा गर आकसतो. पडद्यापासून सुटताना तो मध्यभागी चिकटून राहिला, तर त्या ओढीने हे छिद्र पडते. स्त्रियांमध्ये हे अधिक आढळते.

पूर्वी सारी भिस्त डॉक्टरांच्या नजरेवर होती. थेंब घालून बाहुली मोठी करायची आणि स्लिट लॅम्पवर भिंगातून पडदा पाहायचा. शंका आली की प्रकाशाची बारीक रेघ मॅक्युलावर टाकून रुग्णालाच विचारायचे, 'रेघ सलग दिसते की तुटलेली?' 'तुटलेली' असे उत्तर आले की आरपार छिद्राचा संशय बळावतो. ही बिनखर्चाची चाचणी आजही कामाची आहे. अमेरिकेतील डॉ. डोनाल्ड गास यांनी १९८८ मध्ये छिद्राचे टप्पे मांडले, तेही अशा प्रत्यक्ष तपासणीवरूनच.

अडचण एवढीच, की समोरून पाहताना खोलीचा अंदाज चुकू शकतो. पडद्यावर पातळ पापुद्रा धरून तो आकसला, तरी मध्यभागी हुबेहूब छिद्र भासते. कधी वरचेच थर फाटलेले असतात. १९९१ मध्ये जगापुढे आलेल्या ओसीटी तंत्राने हा घोळ मिटवला. डोळ्याला स्पर्श न करता, प्रकाशाच्या साहाय्याने काही सेकंदांत पडद्याचा उभा छेद दिसतो. छिद्र आरपार आहे का, गराची ओढ शिल्लक आहे का आणि रुंदी किती, हे त्यात कळते. २५० मायक्रॉनपर्यंतचे, म्हणजे पाव मिलिमीटरचे छिद्र लहान, तर ४०० च्या वरचे मोठे मानतात. लहान छिद्र क्वचित आपोआपही बुजते. शस्त्रक्रिया लागलीच, तर छिद्र जितके लहान आणि ताजे, तितके यश अधिक.

म्हणून भिंग अडगळीत गेले असे नाही. ओसीटी मुख्यतः मध्यभाग दाखवते. पडद्याच्या कडेची फाट डॉक्टरांनाच शोधावी लागते. शिवाय मोतीबिंदू दाट असेल तर स्कॅनही धूसर येतो.

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेची तारीख ठरली असेल आणि सरळ रेघा वाकड्या दिसत असतील, तर ते डॉक्टरांना आधीच सांगा आणि 'ओसीटी करायची का?' असे विचारा. नाहीतर नवी लेन्स बसते, उजेड वाढतो, आणि वर्तमानपत्रातली मधली अक्षरे मात्र गायबच राहतात.