कापसाखालचं बारदान

शिंदखेड्याकडे मामाच्या घरी दिवाळीनंतर माजघर आढ्यापर्यंत कापसानं भरलेलं असे. भाव चढेपर्यंत विकायचा नाही. एका वर्षी व्यापाऱ्याचा टेम्पो अचानक दारात येऊन उभा राहिला आणि मामी म्हणाली, ‘‘कापूस काढाले बारदान लागस, नि बारदान कापूसना खाले शे.’’ पुढे जळगावात लिनक्सशी झटापट करताना हाच पेच पुन्हा भेटला. त्याला डेडलॉक म्हणतात एवढंच नवीन होतं.

भेटला तो फ्यूजमध्ये. हा मेनस्विचमधला फ्यूज नव्हे. फाइली कुठे, कशा ठेवायच्या हे एरवी लिनक्सचा गाभा असलेलं कर्नेल बघतं, आणि तिथली एक चूक सगळं मशीन खाली बसवू शकते. मिक्लोश सेरेदी या हंगेरियन प्रोग्रामरनं कर्नेलला एक खिडकी पाडली, तीच फ्यूज: फाइलची मागणी बाहेरच्या साध्या प्रोग्रामकडे, म्हणजे डीमनकडे, सरकवायची आणि त्याचं उत्तर आत घ्यायचं. 2005 साली लिनक्स 2.6.14 मध्ये ती अधिकृत झाली. मग दूरचा सर्व्हर असो की झिप फाइल, काहीही फोल्डरसारखं उघडता येऊ लागलं. धुळ्याच्या बसस्टँडवर कुणी गॅलरीतून लग्नाचे फोटो दाखवत असेल, तर त्या फोनमध्येही ही खिडकी असते. अँड्रॉइड 11 पासून सामायिक स्टोरेज फ्यूजमधूनच जातं.

माझा पहिला डीमन पायथॉनमध्ये होता, एका वेळी एकच काम करणारा. लॉग लिहायची फाइल मी शहाणपणानं त्याच्याच माउंटमध्ये, म्हणजे तो स्वतः चालवत असलेल्या फोल्डरमध्ये, ठेवली. फाइलींची यादी मागायला ‘एलएस’ दिलं आणि टर्मिनल गोठलं. डीमन लॉग उघडायला गेला, ती मागणी कर्नेलनं फिरवून त्याच्याकडेच पाठवली, आणि तो स्वतःच्याच उत्तराची वाट बघत बसला. ‘सिस’च्या झाडात फ्यूजच्या प्रत्येक कनेक्शनला एक ‘अबॉर्ट’ फाइल असते. दुसऱ्या टर्मिनलमधून तिच्यात 1 लिहिला तेव्हा सुटका झाली.

हा पेच बाळबोध. मेमरीचा खरा चिवट.

आपण फाइलीत लिहिलेलं लगेच डिस्कवर जात नाही. मेमरीत ‘मळकी पानं’ म्हणून साचतं. मेमरी संपत आली की कर्नेलची रीत अशी, की जो जागा मागेल त्यालाच साफसफाईला जुंपायचं. आता मळकं पान फ्यूजचं असेल तर ते लिहिणार डीमन. लिहायला त्याला थोडी जागा हवी. तो मागतो, सफाईला जुंपला जातो, आणि हाताशी येतं नेमकं तेच पान: ‘हे लिहून होईपर्यंत थांब.’ लिहिणारा तर तोच!

सेरेदीनं 2008 मध्ये यावर काढलेला तोडगा मला जुगाडू वाटतो, पण टिकला सतरा वर्षं. पानाची तात्पुरती नक्कल करायची, नक्कल डीमनला द्यायची आणि मूळ पान ‘लिहून झालं’ म्हणून लगेच मोकळं करायचं. थांबायला कुणी उरतच नाही. किंमत मात्र दुहेरी: नकलेची मेहनत आणि नकलेची जागा. म्हणून फ्यूजच्या एका माउंटला मळक्या पानांच्या एकूण मर्यादेतला जेमतेम 1 टक्का वाटा मिळायचा. डीमन परका, कुणीही लिहिलेला. तो अडकला, किंवा मुद्दाम अडून बसला, तरी बाकीचं मशीन चाललं पाहिजे. या अविश्वासाबद्दल मी कर्नेलला दोष देत नाही.

2025 मध्ये, लिनक्स 6.16 मध्ये, जोआन कूंग यांच्या बदलांनी त्या नकला गेल्या. आता फ्यूजच्या पानांवर खूण असते, आणि सफाई करणारा तिथे न थांबता पुढचं पान धरतो.

डीमनकडूनही थोडी तयारी करता येते. सुरुवातीलाच ‘एमलॉकऑल’ म्हणून आपली जागा अडवून ठेवता येते. पण प्रत्यक्ष लिहिताना कर्नेलला त्याच्यासाठी आत लागणारी जागा त्यात येत नाही. मामीनं त्या वर्षीपासून बारदान ओट्यावर ठेवायला सुरुवात केली. ते शिवायचा दाभण मात्र माजघरातल्या कोनाड्यातच राहायचा.