माळावर वाकून चालताना

नान्नजचा माळ चालायला सोपा आहे, हे आधीच सांगून टाकतो. चढ नाही, घसरण नाही, धाप लागत नाही. सोलापुरातून बार्शी रस्त्याने वीसेक किलोमीटर गेलं की शेतं मागे पडतात आणि मुरमाची सपाटी लागते. आजोबा-नातवंडांनी मिळून सकाळी निघावं आणि उन्हं तापायच्या आत परतावं, इतकीच ती चाल. अवघड असतं ते हळू चालणं. झपाझप चालणाऱ्याला इथे गवत सोडून काही दिसत नाही, आणि मग तो घरी येऊन सांगतो, तिकडे काही नाही.

जायचं ते भाद्रपदात. कासच्या पठाराची रीघ पाहून आपल्याकडेही श्रावणातच फुलं शोधणारे असतात, ते निराश होतात. सोलापूरला वर्षाचा पाऊस साधारण साडेपाचशे मिलिमीटर, आणि त्यातला मोठा वाटा सप्टेंबरात पडतो. गणपती उठेपर्यंत माळ निम्मा जागा झालेला असतो. कासला फुलांचे गालिचे आहेत, इथे नाहीत. इथलं प्रत्येक फूल एकेकटं भेटतं, बहुतेक घोट्याच्या खाली.

पहिल्यांदा दिसते शंखपुष्पी, कारण तीच सकाळी लवकर उघडते. जमिनीलगत पसरलेल्या बारीक फांद्या, लव असलेली पानं आणि नखाएवढी निळी फुलं. उन्हं चढली की ती मिटतात, तेव्हा दहानंतर आलेल्या माणसाला त्या जागी नुसती काटकुळी हिरवळ दिसते. शेजारी गोखरूची पिवळी फुलं असतात. ती पायाला पुढे काय करणार आहेत ते फुलाकडे बघून पटत नाही. केना सगळीकडे. खुळखुळ्याच्या शेंगा अजून वाळलेल्या नसतात, त्यामुळे वाजत नाहीत.

मला बघायची होती ती खरचुडी. पुस्तकात तिला कंदीलपुष्प म्हणतात. मी उघड्या गवतात नजर लावून बराच वेळ फिरत होतो, तेव्हा मेंढरं घेऊन निघालेले एक धनगर मामा थांबले.

“काय हुडकायलाव?”

“खरचुडी आहे का इकडं, मामा?”

“हितं कशाला ऱ्हातीय? उघड्यावर आली की मेंढरं ठिवत्यात व्हय तिला? काट्यात बघा, बोरीच्या बुडाला.”

आणि खरंच, पुढच्याच बोरीत ती होती. काटेरी झुडपाच्या आत शिरलेला बारीक, मांसल पानांचा वेल. ज्या काट्यांनी मेंढरं अडतात त्यांच्याच आधाराने वर चढलेला. फूल बोटाच्या पेराएवढं. खाली फुगीर बूड, त्यावर अरुंद नळी, आणि माथ्यावर पाच पाकळ्यांची टोकं एकमेकांना चिकटून झालेला जांभळट-हिरवा पिंजरा. पाकळ्यांच्या मधे पाच खिडक्या. या खिडक्यांतून चिलटाएवढ्या माश्या आत उतरतात. नळीला आतून केस असतात आणि सगळे खालच्या दिशेने वळलेले. आत जाताना ते वाट देतात, बाहेर येताना अडवतात. माशी बुडाशी अडकते, धडपडते, आणि त्या धडपडीत परागांच्या गाठोड्या तिच्या सोंडेला लागतात. मग केस सुकतात, वाट मोकळी होते आणि ती सुटून दुसऱ्या फुलात जाऊन पुन्हा तशीच अडकते. ही रुईच्या कुळातली वनस्पती. रुईचे परागही सुटे नसतात, पुंजक्यानेच उचलले जातात. मी सुकायला आलेलं एक फूल उभं चिरून भिंगाखाली धरलं, तर तळाशी एक माशी अजून जिवंत होती. ती क्षणभर बसली आणि उडाली.

खरचुडीला जमिनीखाली कंद असतो. गुराख्यांची पोरं तो उकरून खातात, आणि खाल्ला की वेल संपला. वेल कमी होण्यामागे कंद खाणाऱ्यांचा हात आहेच, पण गुराख्याच्या पोराला दोष देण्याआधी नांगर आणि जेसीबी यांचा हिशेब करायला हवा, असं मला वाटतं.

बोरीच्याच सावलीत, दगडांच्या खाचेत माकडशिंग सापडतं. पानं नसल्यासारखीच, चौधारी हिरवे दांडे, टोकाला खाली मान घातलेली छोटी जांभळी फुलं, पाकळ्यांच्या कडेला हलणारे केस. वाऱ्याची झुळूक आली की केस थरथरतात. नाक जवळ नेऊ नये, पाहुणे माश्याच असल्यामुळे वासही त्यांच्याच आवडीचा आहे. हे दांडे मेंढपाळ दिवसभराच्या भटकंतीत कच्चे चावतात, त्याने भूक मारली जाते. त्याच गुणावर आता याचा अर्क वजन कमी करायच्या कॅप्सूलमध्ये घालून विकतात. ज्यांना पोटभर मिळत नव्हतं त्यांची वनस्पती आता जास्त खाणाऱ्यांच्या कामी आली आहे.

तरवडाला मात्र शोधावं लागत नाही. बांधावर, रस्त्याकडेला, माळावर, जिथे मुरूम तिथे तरवड. पिवळ्या फुलांचं हे झुडूप जनावरं फारसं खात नाहीत, म्हणून टिकलं आहे. याच्या सालीने पूर्वी कातडी कमावत. पण सोलापुरात त्याचा मान वेगळाच आहे. भाद्रपदी अमावास्येपासून शहराच्या पूर्व भागातल्या पद्मशाली घरांत बतुकम्मा मांडतात. फुलांचे थरावर थर रचलेला तो डोलारा तरवड आणि कुर्डू यांच्यावाचून उभा राहत नाही. तेलंगणानं तरवडाला राज्यफूल केलं आहे, आपण त्याला झुडूप म्हणून पुढे जातो. पंढरपूर याच जिल्ह्यातलं. तिथली आषाढी एकादशी झाली की द्वादशीला वाघाट्याची भाजी करायची रीत आहे, आणि ती वाघाटीही अशाच काटेरी कुंपणात चढते. माळावरचं काय काय आपल्या ताटात आणि देव्हाऱ्यात येतं, याची यादी केली तर लांबेल.

सरकारी कागदात मात्र असा माळ पुष्कळदा पडीक. पडीक म्हटलं की झाडं लावायची हुक्की येते. गिरिपुष्प, सुबाभूळ रांगेने लागते, फोटो निघतात. त्या सावलीखाली पवन्या, मारवेल विरळ होतात, आणि गवतावर जगणारे चंडोल, धाविक, काळवीट, त्यांच्या मागावरचा लांडगा, सगळ्यांचीच जागा आखडते. माळढोकासाठी १९७९ साली इथे अभयारण्य झालं ते कागदावर ८,४९६ चौरस किलोमीटरचं होतं. गावंच्या गावं त्यात आली, जमिनीचे व्यवहार अडले, लोक चिडले. पुढे ते छाटून सव्वाबाराशेच्या आसपास आणलं. माळढोक आता नावापुरता. अभयारण्याच्या हद्दीत शिरायला वनखात्याची परवानगी लागते, तेवढी आधी काढावी.

गवताचं खरं नाटक दसऱ्यानंतर असतं. कुसळी पिकते, माळ तांबूस होतो. एक कुसळ उपटून तळहातावर घ्यावं. खाली सुईसारखं टोकदार बी, वर पीळ घातलेला काळा ताठ केस. त्यावर पाण्याचा एक थेंब सोडला की पीळ उलगडू लागतो आणि अख्खं कुसळ तळहातावर गरगर फिरतं. वाळलं की परत पीळ घालतं. रात्रीचं दव आणि दिवसाचं ऊन यांच्या जोरावर ते बी असं स्वतःला जमिनीत गुंतवत नेतं. टोकाजवळचे केस मागे वळलेले, म्हणजे शिरलं ते शिरलं. मोज्यात शिरलेलं कुसळही याच न्यायाने पुढेच सरकतं, म्हणून त्या दिवसांत लोकरी मोजे घालू नयेत.

नान्नजकडच्या कडेला माळ थेट द्राक्षबागांना भिडतो. सोनाका ही द्राक्षाची जात याच गावची, नानासाहेब काळ्यांच्या बागेतली. याच मुरमाड जमिनीनं ती दिली, तेव्हा बागवाल्याला माळ मोडू नकोस असं सांगायला तोंड लागतं, आणि माझ्याकडे ते नाही. बागेच्या तारेला लागून तरवडाची रांग फुललेली होती, तारेच्या आतल्या बाजूची नुकतीच छाटलेली.