सात की साठ? : वाढते वय आणि गोंगाटातील ऐकणे

महिन्याचा पहिला आठवडा. बँकेत निवृत्तिवेतनासाठी आलेल्यांची गर्दी आहे. नोटा मोजणाऱ्या यंत्राची खरखर, टोकन क्रमांकांचा पुकारा आणि शेजारच्या खिडकीवरील संभाषण, सारे एकाच वेळी कानांवर येत आहे. काउंटरमागील कर्मचारी विचारते, ‘‘काका, मुदत साठ महिन्यांची ना?’’ काका मान डोलावतात. ठेवीची पावती घरी वाचली जाते, तेव्हा उलगडा होतो. त्यांच्या मनात सात महिने होते आणि त्यांनी ऐकलेही सातच.

प्रसंग काल्पनिक असला, तरी अनुभव अनेकांच्या ओळखीचा आहे. ‘ऐकू येते, पण कळत नाही’ ही ज्येष्ठांची नेहमीची तक्रार. घरची मंडळी तिला विसराळूपणा समजतात किंवा ‘सोयीचे तेवढेच ऐकू येते’ म्हणून हसण्यावारी नेतात. श्रवणशास्त्र मात्र या तक्रारीच्या बाजूने उभे आहे.

ऐकण्याचे काम कानापाशी संपत नाही. अंतर्कर्णात ध्वनीचे विद्युत्संदेश बनतात आणि ते मेंदूकडे जातात. अनेक आवाजांतून हवा तोच आवाज वेगळा काढणे, जणू सुपात धान्य पाखडणे, हे मेंदूचे काम. १९५३ मध्ये कॉलिन चेरी या इंग्रज शास्त्रज्ञाने श्रोत्यांच्या दोन कानांत एकाच वेळी दोन निरनिराळी भाषणे ऐकवली. एका भाषणाचा मागोवा त्यांना सहज घेता आला. दुसऱ्या कानातील भाषण मध्येच इंग्रजीऐवजी जर्मनमध्ये सुरू झाले, याचा मात्र त्यांना पत्ताही लागला नाही. निरोगी मेंदूची पाखडणी इतकी चोख असते.

वयानुसार दोन ठिकाणी बदल होतात. पहिले ठिकाण कान. उंच पट्टीचे ध्वनी आधी क्षीण होतात. भाषेतील स्वर ठळक राहतात. अनेक व्यंजने मात्र पुसट होतात. ‘सात’ आणि ‘साठ’ यांतील सारा भेद शेवटच्या व्यंजनात आहे आणि ते क्षणार्धात उच्चारले जाते.

दुसरे ठिकाण खुद्द मेंदू. अमेरिकेतील मेरीलँड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ मध्ये १८ ते ३० आणि ६१ ते ७३ या वयोगटांतील व्यक्तींची तुलना केली. सर्वांची नेहमीची श्रवणचाचणी सामान्य होती. तरीही पार्श्वभूमीला दुसरे कोणी बोलत असता ज्येष्ठांना समोरचे बोलणे कमी समजले. त्यांच्या मध्यमस्तिष्कातील संदेश शांत वातावरणातही तरुणांच्या तुलनेत दुबळे होते, आणि तेवढीच माहिती टिपण्यास मेंदूच्या श्रवणकेंद्राला अधिक वेळ लागत होता. उणीव आवाजाच्या उंचीची नव्हे, वेळेच्या अचूकतेची आहे. म्हणूनच ओरडून बोलण्याने फारसे साधत नाही.

अनुभवी मेंदू ही उणीव संदर्भाने भरून काढतो. ‘चहात साखर’ यातील ‘साखर’ निसटली, तरी ती अंदाजाने कळते. आकडे, नावे, तारखा यांना मात्र असा आधार नसतो. ‘महिने’ या शब्दापुढे सातही शोभतात, साठही. त्यामुळे व्यवहारात जेथे चूक महाग पडते, नेमका तेथेच अंदाज तोकडा पडतो.

सतत कान देऊन ऐकण्याने मन थकते. मग माणूस न कळताही ‘हो’ म्हणू लागतो आणि पुढे पुढे समारंभ, गप्पांचा कट्टा टाळू लागतो. ‘लॅन्सेट’ नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या १४ जोखमींत श्रवणऱ्हासाचा समावेश केला आहे. म्हणून ही तक्रार अंगावर न काढता श्रवणतज्ज्ञांकडून तपासणी करून घ्यावी आणि गोंगाटात त्रास होतो हे त्यांना आवर्जून सांगावे. श्रवणयंत्राने बरीच मदत होते. पण ते गोंगाट पूर्णपणे गाळू शकत नाही, हेही ध्यानी असावे.

बाकीचे उपाय आपल्याच हाती आहेत. बोलण्यापूर्वी दूरदर्शन संच बंद करावा. समोर, उजेडात बसून बोलावे. ओठांच्या हालचाली दिसल्या की शब्द ओळखणे सोपे जाते. वेग थोडा कमी ठेवावा. वाक्य कळले नाही, तर तेच मोठ्याने न सांगता निराळ्या शब्दांत मांडावे.

आणि वाचकहो, बँकेत आलात की मान डोलावण्याआधी आकडा कागदावर लिहून मागा. ‘पुन्हा सांगता का?’ हे विचारण्यात कमीपणा नाही. आपल्या सोबत एखादे ज्येष्ठ असतील, तर त्यांच्या वतीने उत्तर देण्याची घाई करू नका. प्रश्न त्यांच्यापर्यंत पोहोचू द्या. निर्णय त्यांचा आहे. त्यांना हवा आहे तो केवळ क्षणभर अधिक वेळ.